नराची बाजू

कोळंबीच्या कुठल्याही हॅचरीत तासभर उभं राहिलं, तर बोलणं सगळं मादीचं ऐकू येतं. आज किती माद्या पिकल्या, रात्री कितींनी अंडी टाकली, एकीमागे किती नॉप्लिअस अळ्या निघाल्या. मादीच्या डोळ्याच्या देठात अडकवलेल्या कड्याचा रंग आणि क्रमांक वहीत असतो, तिनं आधी कधी अंडी टाकली होती तेही असतं. नराचा उल्लेख बहुतेक वेळा एका आकड्यात संपतो : टाकीत नग किती. सकाळी अंडी तपासताना फलनाचं प्रमाण घसरलेलं दिसलं, की पहिला संशय मादीच्या खुराकावर जातो, मग पाण्यावर, मग ब्रूडर, म्हणजे पैदाशीची कोळंबी, पुरवणाऱ्यावर. नराला उचलून त्याचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत, हे सुचायला फार उशीर होतो. अनेक ठिकाणी ते सुचतच नाही.

हे पुस्तक त्या नराबद्दल आहे. तळ्यात सोडलेल्या प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा बापाकडून आलेला असतो, एवढंच सांगायचं असतं तर पुस्तकाची गरज नव्हती. सांगायचं आहे ते वेगळं. कोळंबीचा शुक्राणू वृषणात जन्मतो खरा, पण तिथे तो पुरा होत नाही. वृषणातून निघतो तेव्हा तो अर्धवट असतो. पुढे शुक्रवाहिनीत त्याला रूप येतं, वाहिनीच्या टोकाला त्याची पिशवी बांधली जाते, आणि अंड्यात शिरण्याची शेवटची तयारी तर मादीकडे पोचल्यावर होते. या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी काहीतरी बिघडू शकतं, आणि प्रत्येक बिघाडाचं कारण वेगळं असतं. ‘नर खराब’ असा एका शब्दाचा निकाल देऊन त्यातलं काहीच कळत नाही.

नराकडे इतकं दुर्लक्ष का झालं, याला इतिहास आहे. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त जागेत घेतली आणि त्यातून अळ्या काढल्या. १९४२ मध्ये त्यांचा सविस्तर प्रबंध आला. आजच्या कोळंबीशेतीचा पाया तिथे आहे. पण कुरुमा काय, आपली वाघ कोळंबी काय किंवा पांढरी कोळंबी काय, या जातींत मादीच्या छातीखाली, पायांच्या मधल्या जागेत, शुक्राणू साठवण्याची बंद कप्प्यांची सोय असते. तिला थेलिकम म्हणतात. मादीनं नुकतंच कवच टाकलेलं असतं, अंग मऊ असतं, तेव्हाच नर तिच्याशी समागम करतो आणि शुक्राणू त्या कप्प्यात ठेवून जातो. नंतर कवच कडक होतं, बीजकोश पिकतो आणि अंडी टाकताना साठवलेले शुक्राणू वापरले जातात. मध्ये बरेच दिवस गेले तरी चालतं.

याचा अर्थ असा, की समुद्रातून पकडून आणलेली पिकलेली मादी आपला शुक्राणूंचा साठा बरोबर घेऊनच येत होती. फुजिनागांच्या काळात तेच होतं आणि १९९०च्या दशकात आंध्रच्या किनाऱ्यावर वाघ कोळंबीच्या हॅचऱ्या उभ्या राहिल्या तेव्हाही तेच होतं. मच्छीमारांच्या बोटी पिकलेली मादी आणत, तिला मोठा भाव मिळे, ती रात्री टाकीत अंडी टाके आणि काम होऊन जाई. त्या मादीचा नर कोण, कुठे आहे, कसा आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. अडचण यायची ती मादीनं टाकीत कवच टाकलं तर, कारण जुन्या कवचाबरोबर साठवलेले शुक्राणूही जातात. पण तोवर दुसरी मादी आणलेली असे. एका अख्ख्या पिढीचे तंत्रज्ञ असे घडले, की त्यांच्या हाताखालून हजारो माद्या गेल्या, पण नर त्यांनी क्वचितच पाहिला.

मग पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं वाघ कोळंबीची शेती मोडली, आणि २००९ मध्ये भारतात व्हनामी कोळंबीला व्यापारी परवानगी मिळाली. चेन्नईजवळच्या नीलांकराईच्या विलगीकरण केंद्रातून परदेशी ब्रूडर येऊ लागले. व्हनामी मूळची पूर्व पॅसिफिक किनाऱ्याची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतची. तिचं थेलिकम उघडं असतं. तिथे कप्पा नाही, साठवण नाही. नर कडक कवचाच्या, पूर्ण पिकलेल्या मादीशीच समागम करतो, शुक्राणूंची पिशवी तिच्या मागच्या पायांच्या मधल्या जागेवर बाहेरून चिकटवतो, आणि ती मादी त्याच रात्री, काही तासांत अंडी टाकते. म्हणजे नर रोज लागतो. आज लागतो, उद्या लागतो, आणि संध्याकाळी अमुक वाजता तयार असावा लागतो. शुक्राणूंचा प्रश्न आपल्या हॅचऱ्यांत शिरला तो या दारानं.

व्हनामीच्या मॅच्युरेशन खोलीतली संध्याकाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खोली जवळजवळ अंधारी ठेवतात. दिवस-रात्रीचं चक्र दिव्यांवर चालवतात, म्हणजे कोळंबीची संध्याकाळ माणसांच्या कामाच्या वेळात बसवता येते. नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या टाकीत. कामगार हातातला दिवा पाण्याखाली धरून माद्यांच्या पाठीवरून फिरवतो. पिकलेल्या बीजकोशाचा नारिंगी पट्टा डोक्यापासून शेपटीकडे उजळून दिसतो. अशा माद्या जाळीनं अलगद उचलून नरांच्या टाकीत सोडतात. नर मागून येतात, तिच्या खालून पोहू लागतात, पाठलाग बराच वेळ चालतो, आणि एखादा नर उलटा होऊन पोटाला पोट लावतो. ती गाठ क्षणभराची असते. दोन-चार तासांनी माद्या परत काढून पाहतात. पायांच्या मध्ये पांढरी पिशवी चिकटलेली असली, तर तिची रवानगी अंडी टाकण्याच्या टाकीत होते. नसली तर ती परत माद्यांत. ३० ते ४५ ग्रॅमची मादी एका वेळी साधारण १ ते अडीच लाख अंडी देते. पिशवी चिकटली की सगळ्यांना वाटतं, काम झालं. पिशवीच्या आत काय आहे, हे मात्र त्या क्षणी कुणीच पाहिलेलं नसतं. आणि नेमका तोच या पुस्तकाचा विषय आहे.

तर आत काय असतं? गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे, ते वीर्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन आधी वळवळ पाहतात. शुक्राणू किती आणि कसे पोहताहेत यावरून प्रत ठरते. कोळंबीचा थेंब त्या नजरेनं पाहिला तर वाटेल, सगळे मेलेले आहेत. एकही हलत नाही. कोळंबीच्या शुक्राणूला शेपूटच नसतं. एक गोलसर देह, त्यावर टोपीसारखं आवरण आणि त्यातून पुढे आलेला एकच टोकदार काटा : आकार फळ्यावर कागद टोचायच्या पिनेचा, लांबी काट्यासकट मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीतही शुक्राणू एकाच काट्याचा असतो, फक्त देह पसरट. खेकड्याच्या शुक्राणूला अनेक हात असतात. न पोहणारा शुक्राणू ही या सगळ्या दशपाद कुळाची रीत आहे.

केंद्रकही वेगळं. माणसाच्या किंवा बैलाच्या शुक्राणूत गुणसूत्रं आवळून घट्ट बांधलेली असतात, कारण त्यांना लांब पोहत जायचं असतं. कोळंबीच्या शुक्राणूत तो धागा सैल, तंतुमय पडलेला असतो आणि त्याच्याभोवती केंद्रकाचं पूर्ण आवरणही नसतं. वाघ कोळंबी आणि व्हनामी, दोन्हींच्या पेशींत ८८ गुणसूत्रं आहेत. शुक्राणूत त्यातली ४४. आणि एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास उलटी वाटते : पिल्लू नर होणार की मादी, हे कोळंबीत बापावर ठरत नाही. कोंबडीप्रमाणे इथेही लिंगगुणसूत्रांची वेगळी जोडी मादीकडे असते. सगळे शुक्राणू त्या बाबतीत एकसारखेच.

आता वाट पाहू. वृषण डोक्याच्या कवचाखाली असतं, हृदयाच्या खाली आणि शेतकरी ज्याला नुसतं ‘हेपॅटो’ म्हणतात त्या पचनग्रंथीच्या वर. पांढुरकं, जवळजवळ पारदर्शक, अनेक पाळ्यांचं. माशाच्या नरासारखं ते फुगून दिसत नाही, त्यामुळे बाहेरून नराची पक्वता मादीसारखी दिव्यावर पाहता येत नाही. वृषणातल्या बारीक नळ्यांत मूळ जननपेशी विभागत जातात, गुणसूत्रांची संख्या निम्मी होते आणि गोल, बिनकाट्याची शुक्राणुपूर्व पेशी तयार होते. पुष्कळशा पेशी याच अवस्थेत शुक्रवाहिनीत उतरतात. काटा वाहिनीच्या प्रवासात फुटतो आणि वाढतो. म्हणूनच वाहिनीच्या सुरुवातीचा, मधल्या भागाचा आणि शेवटचा, असे तीन नमुने एकाच नराचे घेतले, तर तीन वयांचे शुक्राणू दिसतात. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवावं. पुस्तकातली आकृती मग त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

शुक्रवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या भिंती स्राव सोडतात, त्या स्रावात शुक्राणू गोळा होतात, त्यांच्याभोवती थर चढतात. वाहिनीच्या शेवटी, पाचव्या चालणाऱ्या पायांच्या बुडाशी, फुगीर कुपी असते. तिथे शुक्रपिशवी, म्हणजे हॅचरीच्या भाषेत स्पर्मॅटोफोर, पुरी होते. डावीकडे एक, उजवीकडे एक. समागमाच्या वेळी दोन्ही अर्धी एकत्र येतात. व्हनामीत तिला पंखासारखे पडदे असतात आणि चिकट पदार्थ असतो, कारण ती उघड्यावर चिकटून राहायची असते. बंद थेलिकमच्या जातींत एवढ्या साजाची गरज पडत नाही.

शुक्रपिशवी काढणं अवघड नाही, पण हात बसावा लागतो. नराला ओल्या फडक्यात, पोट वर करून तळहातावर घ्यायचं. पोटाखालच्या पहिल्या पोहणाऱ्या पायांवर पेटॅस्मा, म्हणजे नराची खूण, दिसते. पाचव्या पायांच्या बुडाशी दोन पांढऱ्या गाठी कवचातून दिसल्या पाहिजेत. त्या दुधी, भरीव असल्या तर ठीक. पिवळट, तपकिरी किंवा काळसर झाल्या असतील, तर तिथेच थांबून तसं लिहून ठेवायचं. अंगठा आणि तर्जनीनं पायाच्या बुडाला बाजूनं हलका, सलग दाब दिला की पिशवी छिद्रातून बाहेर सरकते. ओढायची नाही. जोर केला तर कुपी फाटते आणि तो नर पुढे कामाचा राहत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत हेच काम विजेच्या हलक्या झटक्यानं करण्याची पद्धत निघाली. काही प्रयोगशाळांत ती आजही आहे, पण चांगल्या हाताला तिची गरज नाही.

मग ती पिशवी कॅल्शियम नसलेल्या खारट द्रावणात काचेच्या दांडीनं हळुवार कुस्करायची. कॅल्शियम वगळायचं, कारण त्यामुळे शुक्राणू वेळेआधी फुटण्याचा धोका असतो. थेंब रक्तपेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर घ्यायचा आणि चारशे पटींत पाहायचा. पहिल्या क्षणी नुसते ठिपके दिसतात. फोकस नीट झाला की काटे दिसू लागतात. मग मोजायचं : एकूण किती, काटा शाबूत असलेले किती, काटा वाकलेले किती, बिनकाट्याचे किती, देह वेडावाकडा झालेले किती. मृत पेशीत शिरणारा रंग टाकून जिवंत किती तेही. या मोजणीला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या हॅचरीत शेवाळाच्या पेशी मोजतात तिथे हे सगळं साहित्य आधीच असतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

पण काटा शाबूत असणं म्हणजे शुक्राणू कामाचा असणं, असं नाही. इथे गोष्ट सर्वांत रंगतदार होते. अंडी मादीच्या तिसऱ्या पायांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर येतात आणि शुक्राणूंजवळून वाहत जातात. समुद्राच्या पाण्याला लागताच अंड्याच्या काठाशी दाटून बसलेल्या कांड्या बाहेर पडतात आणि त्यांचा चिकट थर अंड्याभोवती पसरतो. याला पाण्यातलं मॅग्नेशियम लागतं, हे १९७०च्या दशकात दाखवून दिलं गेलं. शुक्राणूला पोहता येत नाही, म्हणजे या अल्पशा वेळात तो अंड्याजवळ असायला हवा, काट्याच्या टोकानं अंड्याच्या आवरणाला चिकटायला हवा आणि लगेच त्याच्या टोपीतला मालमसाला बाहेर पडून आवरणातून वाट व्हायला हवी. या घटनेला शुक्राग्राची प्रतिक्रिया म्हणतात. जो शुक्राणू ही प्रतिक्रिया देत नाही, तो कितीही सुबक दिसला तरी फुकट.

ही प्रतिक्रिया शिकवली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या, खडबडीत कोळंबीनं. सिसिओनिया इन्जेन्टिस हे तिचं नाव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या वॉलिस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ताज्या अंड्यांच्या स्रावाचं पाणी, म्हणजे ‘अंडपाणी’, शुक्राणूंवर टाकायचं आणि किती शुक्राणू प्रतिक्रिया देतात ते मोजायचं, अशी त्यांची रीत. त्यातून कळलं ते असं : नराच्या अंगातून थेट काढलेले शुक्राणू आणि मादीच्या साठवणीत काही काळ राहिलेले शुक्राणू, दिसायला सारखे असले तरी वागायला सारखे नसतात. मादीकडचे शुक्राणू प्रतिक्रियेसाठी तयार झालेले असतात. पुढे थायलंडमध्ये वाघ कोळंबीवर झालेल्या कामातही हाच धागा सापडला, तिथे तर शुक्राणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांत होणारे बदलही पाहिले गेले. उघड्या थेलिकमच्या व्हनामीत मादीच्या अंगावरचा मुक्काम जेमतेम काही तासांचा. तरीही तेवढ्यात शुक्राणूंची तयारी पुढे सरकते, हे कोस्टारिकातल्या संशोधकांनी दाखवलं. व्हनामीत हातानं पिशवी चिकटवून केलेल्या रेतनाला नैसर्गिक समागमापेक्षा कमी यश का येतं, याचं एक उत्तर इथे असावं असं मला वाटतं. पिशवी चुकीच्या जागी बसणं हे दुसरं उत्तर. माझ्या मते बहुतेकांनी दुसऱ्याच उत्तरावर जोर दिला आणि पहिल्याकडे पुरेसं पाहिलं नाही.

बिघाडाची प्रकरणं पुस्तकात सर्वांत लांब आहेत, आणि ती तशीच असायला हवीत. समुद्रातून आणलेल्या नराला टाकीत ठेवलं की काही आठवड्यांत शुक्राणूंची संख्या घसरते, काटे गळतात, देह विकृत होतात, हे मेक्सिकोच्या आखातातल्या पांढऱ्या कोळंबीवर १९८०च्या दशकात नोंदवलं गेलं. पुढची पायरी म्हणजे कुपी काळवंडणं. कवचावर जखमेच्या जागी काळा डाग धरतो तेच रंगद्रव्य इथे शुक्रपिशवीभोवती साठतं, आणि मग नर वांझ होतो. यात जीवाणूंचा हात असतो का, की ताणानं ऊतक आधी मरतं आणि जीवाणू नंतर येतात, यावर बरीच चर्चा झाली आहे. दोन्ही घडतं, असं मानून काळजी घ्यावी हे उत्तम.

सर्वांत स्पष्ट गुन्हेगार मात्र तापमान. टेक्सासमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये व्हनामीचे नर २६, २९ आणि ३२ अंश सेल्सिअसला ठेवून त्यांचे शुक्राणू मोजले. २६ अंशांना प्रकृती उत्तम राहिली. ३२ अंशांना सुमारे सहा आठवड्यांत शुक्राणू जवळजवळ संपले आणि उरलेले बहुतांश विकृत निघाले. पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड ठेवण्याचा खर्च नेहमी माद्यांच्या टाकीकडे आधी वळतो, कारण अंडी तिथे दिसतात. नरांची टाकी बाहेरच्या भिंतीकडे, उन्हाच्या बाजूला ठेवलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. त्या दोन-तीन अंशांची किंमत जूनमध्ये मोजावी लागते, आणि तेव्हा ती मादीच्या नावावर लिहिली जाते.

कात टाकण्याचं चक्र हाही एक असा भाग, ज्याची नोंद कुणी ठेवत नाही. बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की व्हनामीचा नर समागम न करताही दर वेळी कवच टाकण्याच्या सुमारास जुनी शुक्रपिशवी टाकून देतो आणि नंतर नवी पुरी करतो. म्हणजे नराच्या अंगात शिळा माल साठून राहू नये याची सोय शरीरानंच केली आहे. हे कळल्यावर नुकतीच कात टाकलेल्या नराकडे रिकाम्या कुप्या दिसल्या तर घाबरायचं कारण उरत नाही. उलट, कात टाकणंच लांबलं तर मात्र विचार करावा. खुराक कमी पडतोय का, पाण्यात खनिजं पुरेशी आहेत का, हे प्रश्न तिथून सुरू होतात.

खुराकावर फार लांबण लावत नाही, पुस्तकात ते आहे. एवढंच सांगतो, की माकूळ, शिणाणे आणि पॉलिकीट किडे यांवाचून नर चांगला राहत नाही, हा जगभरच्या हॅचऱ्यांचा अनुभव आहे. पॉलिकीटमधली लांब साखळीची मेदाम्लं, विशेषतः ॲराकिडॉनिक आम्ल, शुक्राणूंच्या पडद्यासाठी महत्त्वाची. थायलंडमध्ये तळ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेल्या वाघ कोळंबीच्या नरांना पॉलिकीट दिल्यावर शुक्राणूंची स्थिती सुधारल्याचं दिसलं. पण चिखलातून खणून आणलेले किडे ईएचपीसारखे रोगही आणू शकतात. नराला पोसण्यासाठी आणलेला खुराक अख्खी खोली बुडवू शकतो. रोगमुक्त पॉलिकीट वाढवणं हा आपल्याकडे स्वतंत्र धंदा व्हायला हवा, खाजण आणि खारजमीन असलेल्या कोकणाला तो जमण्यासारखा आहे.

संप्रेरकांचं प्रकरण मला स्वतःला सर्वांत प्रिय. फ्रान्समध्ये पानूझ यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की डोळ्याचा देठ काढला तर कोळंबीच्या मादीचा बीजकोश झपाट्यानं वाढतो, कारण पिकणं रोखणारं संप्रेरक त्या देठातल्या ग्रंथींतून येतं. हॅचरीत डोळा कापण्याची रीत तिथून आली. नराच्या बाबतीत ही रीत रुजली नाही. प्रयोगांत डोळा काढलेल्या नराची वृषणं मोठी झालेली आढळली आहेत, पण नर एरवीही लवकर, २० ग्रॅमच्या आसपासच पक्व होतो, मग त्याला कापण्याची गरज कुणाला भासेल? फ्रान्समध्येच एलेन शार्निओ-कोतों यांनी १९५४ मध्ये समुद्रकाठच्या एका उडी मारणाऱ्या छोट्या कवचधारी जीवात नरग्रंथी शोधली. शुक्रवाहिनीच्या टोकाला चिकटलेली ही ग्रंथी मादीत बसवली की तिच्यात नराची लक्षणं येतात. पुढे अर्धशतकानं, २००७ मध्ये, इस्रायलमध्ये आमिर सागी आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिशमध्ये या ग्रंथीचं संप्रेरक इन्शुलिनच्या जातीचं असल्याचं दाखवलं, आणि ते संप्रेरक गप्प करून गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची केवळ नरांची पिल्लं मिळवण्याचा मार्गही खुला केला. तिथे नर मोठा होतो म्हणून नर हवेत. समुद्री कोळंबीत मादी मोठी होते, म्हणून तिथे उलटी इच्छा. दोन्हीकडे किल्ली मात्र नराच्या पाचव्या पायाच्या बुडाशी असलेल्या त्या चिमुकल्या ग्रंथीतच आहे.

नराचं महत्त्व फलनापाशी संपत नाही. एका टाकीत थोडेच नर जोमदार असले तर बहुतेक माद्या त्यांच्याच वाट्याला जातात. वरून टाकीत पन्नास नर दिसतात, पण पिल्लांचे बाप मोजकेच निघतात. पिढ्या दोन-तीन गेल्या की भाऊ-बहिणींची जोडी लागण्याची शक्यता वाढते आणि वाढ, जगणं, रोग सोसण्याची ताकद, सगळंच उतरू लागतं. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील जलशेती संस्थेत आपल्या पांढऱ्या कोळंबीच्या सुधारणेचा कार्यक्रम चालू आहे. देशी जात खऱ्या अर्थानं उभी राहायची असेल तर त्या कार्यक्रमात नराच्या शुक्राणूंची मोजणी मादीच्या अंड्यांच्या मोजणीइतकीच नेमाने व्हायला हवी. शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्याचे प्रयत्न थायलंडमध्ये झाले आहेत. ते साधलं, तर चांगल्या नराचा वारसा त्याच्या मृत्यूनंतरही वापरता येईल, आणि दर वर्षी परदेशातून ब्रूडर मागवण्याचं ओझं थोडं तरी हलकं होईल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काय, असा प्रश्न येईल. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या तळ्यांत पडणारं व्हनामीचं बी बहुतेक आंध्र आणि तमिळनाडूतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतं. शेतकरी बी घेताना पीसीआरचा दाखला मागतो, पिल्लाची लांबी पाहतो, खारटपणा बदलून ताण देऊन बघतो. हे सगळं योग्यच. पण त्या बियाणाचे नर किती महिन्यांचे होते, किती माद्यांमागे किती नर होते, नरांच्या टाकीचं पाणी किती अंशांवर होतं आणि फलनाचं प्रमाण त्या आठवड्यात किती होतं, हे चार प्रश्न कुणी विचारत नाही. ते विचारता यावेत आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लावता यावा, यासाठी शेवटची दोन प्रकरणं शेतकऱ्यांच्या दृष्टीनं लिहिली आहेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीच्या शिरगाव इथल्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी मात्र सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून करावी : शुक्रवाहिनीच्या तीन नमुन्यांचं प्रकरण. सूक्ष्मदर्शक शेजारी ठेवून. ताजा नर मिळाला नाही तर बाजारात आलेल्या अख्ख्या, थंड कोळंबीतला नर निवडून रचना पाहता येते. मोजणी नाही करता येणार, पण वृषण कुठे, वाहिनी कशी वळते आणि कुपी कुठे संपते, हे हातानं उलगडून पाहता येईल. पेटॅस्मा पाहून नर निवडायचा, डोक्याचं कवच मागच्या काठापासून उचलायचं, आणि हृदयाखालून कात्री चालवायला सुरुवात करायची.